प्लेटांवर पिकलेलं मीठ

आमच्या खारबोरीत माणसाची उंची टायरांवर मोजतात. लग्न जुळवताना मुलीचा बाप मुलाचं शिक्षण विचारतो ते रीत म्हणून. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. "घरात टायर किती?" सहा टायरवाल्याला ओटीवर बसवतात, दहा टायरवाल्याला पंख्याखाली, आणि चौदा टायरवाला आला तर त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाते. चांगदेवशेठच्या गाड्या तीन, तिन्ही चौदा टायरी. म्हणजे बेचाळीस टायरांचा माणूस. स्टेपन्या वेगळ्या, त्या तो स्वतः आठवणीने सांगतो.

या सगळ्या टायरांचं पोट कोळशावर भरतं. खाडीतून बार्ज येतात, जेटीवर कोळसा उतरतो आणि आमच्या गावच्या गाड्या तो कारखान्यांना पोचवतात. रस्ता खारबांधाच्या कडेकडेने जातो. त्यामुळे गावात कपडे वाळत घालायची जागा वारा बघून ठरते आणि पांढरा शर्ट फक्त पेणला जाताना अंगावर चढतो. तक्रार कोणी करत नाही. ज्या धुळीने घर काळं होतं तिनेच ते दोन मजली केलं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

गावात बिनटायरी घर एकच, मैनाबाईचं. ती चांगदेवच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मितेश चांगदेवचीच एक गाडी चालवतो, पण दुसऱ्याचे टायर आपल्या खात्यात धरायचे नाहीत असा गावचा नियम आहे आणि तो कडक आहे. मैनाबाईकडे काय आहे, तर मिठागर. तेही अर्धं. उरलेलं अर्धं चांगदेवच्या वाटणीचं. ते कित्येक वर्षं कोरडं पडलंय आणि त्यात गावची गुरं बसतात. एके काळी या बांधापासून त्या बांधापर्यंत पांढऱ्या राशी दिसायच्या. आता एकट्या मैनाबाईच्या राशी दिसतात. पण दिसतात हे खरं, आणि लांबून दिसतात.

आगराची मांडणी अशी, की खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, येतं, पाटाने आधी चांगदेवच्या वाटणीतून जातं आणि मग मैनाबाईच्या साठवणीच्या तळ्यात उतरतं. तिथून पुढे वाफ्यावाफ्यातून तापत तापत त्याचं मीठ होतं. पूर्वी उधाणाचं पाणी आपल्या पायाने आत यायचं. गाळ साचून आगर उंच झालं, तेव्हापासून पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उघाडीशी येतं, पाटाच्या तोंडात शिरतं आणि पाहुण्यासारखं दारात उभं राहतं. तिथून पाइपाने वर तळ्यात चढवायला पंप लागतो. तो पंप होता चांगदेवचा, डिझेलवरचा. भावजयीला तो बिनबोभाट वापरायला द्यायचा, हे त्याच्या जमेला लिहायलाच हवं.

गेल्या मार्गशीर्षात मैनाबाई वाफे तुडवत होती. मिठाचा वाफा पायाने तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. मैनाबाई साठीची, पण तिच्या टाचेखालून निघालेल्या वाफ्यावर अंडं फोडलं तर उचलून घेता येईल अशी तिची ख्याती. बांधावर ठमाबाई चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बसली होती. ठमाबाई गावातली सगळ्यात जुनी बाई. तिच्यासमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही, कारण ती तो दर सणाला सगळ्यांसमोर म्हणून दाखवते.

तिथे चांगदेव आला. आगरात पाय अनवाणीच टाकतात. हा बुटांसकट आला, यावरूनच ओळखावं.

"वयनी, तो डिझेलचा पंप मी इकला."

"कवा?"

"काल."

"मना सांगितला न्हाय?"

"सांगितला असता तर तू इकू दिला असता?"

मैनाबाईचा पाय थांबला नाही. "मंग आता काय बोलाचा तो बोल."

"मी माजी वाटनी भरून टाकतो. मुरूम टाकून सपाट करतो. गाऱ्या उभ्या करायला जागा न्हाय. रस्त्यावर ठेवल्या की पोलीस पावत्या फारतात."

"आनि माजा पानी? तुज्या वाटनीतनंच येतो तो."

चांगदेवने खाली बघितलं. माणूस वाईट नाही. वाईट बोलताना त्याला बुटांकडे बघावं लागतं. "तू पन भर, वयनी. दोनी मिलून गाऱ्यांना मोठा तल होईल. एक गारी मी मितेशच्या नावावर करून देतो. तुज्या घरात पन टायर येतील. या वयात चिखल तुरवायची काय हौस?"

चौदा टायर एका झटक्यात! गावातल्या निम्म्या बायकांनी फुगडी घातली असती. मैनाबाईने पदर कमरेला घट्ट केला.

"मी पंप बसवते. माजा मी."

"कनचा?"

"उन्हावरचा."

चांगदेव असा हसला की पाटातले बगळे उडाले. "वयनी, या देशाच्या पोटात इतका कोलसा हाय, इतका हाय, की खनून खनून संपत न्हाय. तो पुरत न्हाय म्हनून भायेरून जहाजा भरून आनतात. मी रोज वाहतो, मना ठावं हाय. सरकार येडा हाय? उन्हावर भागला असता तर एवढा खनला असता?"

"कोलशाला मी नावा ठेवत न्हाय," मैनाबाई म्हणाली. "माज्या पोराचा घर त्यावर चालतो. पन कोलशानं मीठ करून दाखव एक मूठ. माजा मीठ ऊनच करतो. पयल्यापासनं. मंग पानी वरती घ्यायला तेवढा डिझेल कशाला?"

"आनि रातीला? पौषात रातीचा उधान मोठा, दिवसाचा बारीक. राती तुजा सूर्य काय कंदील घेऊन येनार?"

"रातीचा मोठा असतो तो बांध फोराला. अमावसेला भर दुपारी पन भरती असते का न्हाय? बारीक का होईना, दारात येते का न्हाय? माज्या पंपाला तेवढा पुरे. ज्या दिवशी भरती सकाल-संध्याकालची असते, त्या दिवशी पानी दारात येतच न्हाय. मंग तेव्हा सूर्य असला काय नि नसला काय."

 चांगदेव खाडीकाठचा माणूस, त्यालाही हे पाठ होतं. फक्त या दोन गोष्टी त्याने कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. हरायला लागला की तो आवाज वाढवतो.

"बरा. येत्या पौषी अमावसेच्या उधानात तला भरून दाखव. खाचेपर्यंत. न्हाय भरला तर मी मुरूम टाकनार, मंग रडायचा न्हाय."

"आनि भरला तर?"

"तर न्हाय टाकत."

"या वर्साला न्हाय, का कवाच न्हाय?"

"कवाच न्हाय!"

"ठमाबाय, ऐकलास?"

"ऐकला," ठमाबाई म्हणाली. "बूट घालून बोललाय, तेवढा पन ध्यानात ठेवते."

खाच म्हणजे तळ्याच्या मधोमध पुरलेल्या सागवानी खुंटावरची खूण. मैनाबाईच्या सासऱ्याने कोरलेली. पाणी तिथपर्यंत आलं की मोसमाचं मीठ पक्कं. उधाणाचं दुपारचं पाणी तीन दिवस धरायचं, अमावास्या, प्रतिपदा आणि द्वितीया. मग ते उतरतं. त्या तीन दुपारींवर एका बाईचं सगळं आगर टांगलं गेलं आणि गावाला पौष महिन्यात बघायला काहीतरी मिळालं.

पंप मैनाबाईने बचत गटातून कर्ज काढून घेतला. कर्ज कसं फेडणार ते तिचं ती बघेल, आपण त्यात शिरायचं नाही. बसवायला पेणहून परेश आला. चाळिशीतला गोरागोमटा माणूस. चिखलात पाय ठेवायच्या आधी तीनदा विचारायचा, "इथे खोल नाही ना?" त्याने उघाडीजवळ बांधावर लोखंडी चौकट उभी केली आणि सोलरच्या प्लेटा दक्षिणेकडे कलत्या लावायला घेतल्या.

"ह्ये असा वाकडा कशाला?" मैनाबाईने विचारलं.

"मावशी, प्लेट तिरपीच लावायची असते. ऊन सरळ पडतं."

"किती वर्सा झाली तुला उन्हाचा काम करून?"

"सहा."

"मी लगीन होऊन आले तवापासनं ऊन राबवते. माज्या वाफ्याला एक बोट उतार असला तर ऊन नीट काम करत न्हाय. त्याला सपाट लागतो. उतरता असतो तो छप्पर, पावसासाठी. आडवी लाव."

"मावशी, वाफा वेगळा आणि..."

"आडवी लाव, भाच्या. ऊन माजा हाय."

परेशने मितेशकडे बघितलं. मितेशने आभाळाकडे बघितलं. आईपुढे त्याचं तेवढंच चालतं. प्लेटा आडव्या लागल्या. अगदी पाणसळ लावून, वाफ्यासारख्या सपाट. मैनाबाईने त्यावरून हात फिरवला आणि समाधानाने मान डोलावली. गावात ज्याने त्याने येऊन बघितलं. आम्हालाही ते बरोबरच वाटलं. आगरी माणसाला सपाट दिसलं की बरोबर वाटतं.

अमावास्येच्या सकाळी मैनाबाई लवकर आली. रात्रभर कोळशाच्या गाड्या गेल्या होत्या, प्लेटांवर काळी साय धरली होती. तिने पाटातलं पाणी बादलीने घेतलं आणि प्लेटा धुतल्या. गोडं पाणी गावात हंड्यांनी येतं. ते लोखंडावर ओतायचं कोणाच्या मनातही येत नाही. खाडीचं पाणी घरचं. बादलीमागून बादली ओतून, ओल्या प्लेटा उन्हात चमकताना बघून ती घरी भाकरी करायला गेली.

दुपारी गाव जमलं. चांगदेव आला, त्याचे ड्रायव्हर आले, शेजारच्या वाघखारचा निकेश आला. निकेशच्या गाड्या सोळा टायरी. चांगदेवच्या आयुष्यातलं हे एकमेव दुःख. बांधाच्या वर मुरमाने भरलेला भाड्याचा डंपरही उभा होता. चांगदेव म्हणाला, सहज उभा आहे.

मैनाबाई आली आणि तिने प्लेटांकडे बघितलं. प्लेटा पांढऱ्या झाल्या होत्या. आडव्या प्लेटांवर पाणी उतरून गेलं नव्हतं, साचलं होतं. साचलं ते तापलं, तापलं ते आटलं, आणि त्या चारही कडांच्या लोखंडी चौकटीत छान, बारीक दाण्याचं मीठ पिकलं होतं. त्यावर दुपारच्या गाड्यांची ताजी काळी धूळ चिकटली होती.

"वयनी," चांगदेव म्हणाला, "तला राहू दे, तुजा पीक तर आला!"

त्यावर जे हसणं झालं ते जेटीवर ऐकू गेलं असावं. हसणाऱ्यांत मैनाबाईच्या गटातल्या बायकाही होत्या, त्यांनी फक्त पदर तोंडाला लावला होता. मितेशने खटका दाबला. पंप घुरघुरला, खोकला, आणि पाइपातून मनगटाएवढी धार आली. मग करंगळीएवढी. भरती दारात उभी, सूर्य डोक्यावर, आणि तळ्यात जेमतेम घोटा बुडेल एवढं पाणी. हाताने खरवडायला गेलं तर काळं-पांढरं अजूनच पसरत होतं. बघता बघता भरती परत फिरली. एक दुपार गेली.

लोक पांगले. मैनाबाई उघाडीपाशीच उभी राहिली.  ठमाबाई सांगते, ती बराच वेळ जमिनीकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "ठमाबाय, माजी सावली बग."

"काय झाला सावलीला?"

"वैशाखात मी मीठ ओढते तवा भर दुपारी सावली पायाखाली असते. ही बग, बांधाच्या उतारावर गेली. पौषातला ऊन वाकडा येतो गं! दक्षिणेकरून येतो. माज्या हाताखाली मोठा झाला आनि मीच विसरले."

"मंग?"

"मंग काय. तो पेनचा पोर खरा बोलत व्हता. त्याला गोडा पानी पन विचारायला पायजे व्हता. दोन चुका माज्या."

आमच्या गावात चूक कबूल करण्याची पद्धत अशी की आधी ती दुसऱ्याची आहे का हे नीट शोधतात. मैनाबाईने तसला शोध घेतला नाही. तिथूनच परेशला फोन लावला आणि जोरात म्हणाली, "भाच्या, तू खरा. मी खोटी. तिरपा कर."

परेश म्हणाला, "मावशी, तिरप्या चौकटीचे पाय तुम्हीच परत पाठवलेत. ते कंपनीकडून यायचे तर परवा संध्याकाळ होईल. मी एकटा उद्या सकाळी येतो."

परवा संध्याकाळी पाणी उतरणार होतं.

इकडे जेटीवरच्या चहाच्या टपरीवर दुसरंच चाललं होतं. चांगदेव ड्रायव्हरांना प्लेटांवरच्या पिकाची गोष्ट तिसऱ्यांदा रंगवून सांगत होता. निकेश चहा ढवळत म्हणाला, "काय शेठ, तुमच्या घरच्या बायांना आरशे पुसायला लावता. धंदा बसला का काय? सांगायचा ना, वयनीला मी ठेवली असती हिशेबाला, जेटीवर कोलसा झाराला."

टपरीवाला शपथेवर सांगतो, चांगदेवचा चेहरा आधी हसरा होता, मग हसरा राहिला नाही. वयनीला हसायचा हक्क त्याचा होता. तो त्याने कमावलेला होता. लहानपणी तिच्या हातच्या भाकऱ्या खाऊन, तिच्यासाठी लावलेला पंप बंद पडला की रात्री चिखलात उतरून. वाघखारच्या माणसाने त्यात वाटा मागितला, हे त्याला सोसलं नाही.

"निकेश," तो म्हणाला, "उद्या दुपारी ये. बसायला सतरंजी घेऊन ये."

प्रतिपदेला उन्हं चढायच्या आधी मितेश त्याच्या गाडीतला एकुलता जॅक घेऊन चौकटीशी झटत होता. एक कोपरा उचलावा तर दुसरा बसायचा. परेश जॅकवर हात ठेवून "हळू, हळू" करत होता. तेवढ्यात रस्त्यावर चांगदेवच्या उरलेल्या दोन गाड्या आणि मागून एक भाड्याचा पाण्याचा टँकर येऊन थांबला. चांगदेव उतरला. मागून ड्रायव्हर उतरले. प्रत्येकाच्या खांद्यावर जॅक, काखेत लाकडी ठोकळे.

"बाजूला हो," चांगदेव पुतण्याला म्हणाला. "भरलेली गारी उचलनारा जॅक हाय, तुज्या आयचा आरसा काय उचलनार न्हाय? परेशभाय, किती तिरपा पायजे तो बोल."

मैनाबाई बांधावरून बघत होती. "भावोजी, ह्यो तुजा पक्ष न्हाय."

"गप ऱ्हा. माजा पक्ष मना ठावं हाय."

जॅकांनी चौकटीची उत्तरेकडची बाजू हळूहळू उचलली. परेश कोन बघत होता, चांगदेव ठोकळे सारत होता, आणि टँकरमधलं, गाड्या धुवायचं गोडं पाणी नळीने प्लेटांवर पडत होतं. कालचं पीक विरघळून बांधावर ओघळलं. खाली काळीभोर काच निघाली, नव्या गाडीच्या बोनेटसारखी. गाडीवाल्या माणसाला ती उपमा लगेच सुचली. चांगदेवने खिशातला रुमाल काढून एक कोपरा पुसलासुद्धा. नंतर तो म्हणायचा, पुसला नाही. पुसला.

मग तो रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याच्या गाड्या थांबलेल्याच होत्या. बाकीच्यांना तो सांगू लागला, ताडपत्री बांधा नि सावकाश जा, नाहीतर भरती उतरेपर्यंत मागे उभे रहा. गावच्या गाड्या मुकाट्याने बांधू लागल्या. निकेशची गाडी आली ती उघडी, वर कोळशाचा डोंगर. आणि खुद्द निकेश ड्रायव्हरशेजारी बसलेला.

"शेठ, आमचा टाइम जातो."

"ताडपत्री टाक."

"घरची पैज तुमची, ताडपत्री आमची?"

"धूल तुजी हाय."

निकेश खिडकीतून वाकला. "पन तुमीच हरनार ना असा? स्वताच्या हातानं हराला निघालात?"

"माज्या घरात हरतो," चांगदेव म्हणाला. "भायेर न्हाय हरत. टाक ताडपत्री."

निकेशच्या सोळा टायरी गाडीवर ताडपत्री चढताना खारबोरीने पहिल्यांदाच बघितली. ती फाटकी होती. हेही गावाने टिपून ठेवलं.

भरती दारात आली. मितेशने खटका दाबला. क्षणभर काहीच नाही. मग पाइप अंग झटकल्यासारखा हलला आणि मांडीएवढी धार तळ्यात कोसळली. धूर नाही, वास नाही, आवाज एवढाच की पाण्याचाच ऐकू यावा. डिझेल पंपाच्या धडधडीत आरडून बोलायची सवय झालेली माणसं तशीच ओरडून बोलत होती. मग आपला आवाज ऐकून एकेक जण ओशाळून हळू बोलू लागला.

"दिसत न्हाय, वाजत न्हाय, नि पानी मात्र ओततोय," ठमाबाई म्हणाली. "असा जावई पायजे."

त्या दुपारी तळं अर्ध्याच्या वर गेलं. तीन दुपारींचं काम दोन दुपारींत करायचं होतं, आणि द्वितीयेची भरती आधीच्या दोन भरत्यांहून बारीक.

द्वितीयेला बांधावर बसायला जागा नव्हती. डोलकर, ड्रायव्हर, शाळेतले मास्तर, झाडून सगळे. निकेशही आला, रिकाम्या हाताने. प्लेटा गोड्या पाण्याने धुतल्या गेल्या, रस्ता शांत, पंप पहिल्या दमात सुरू. पाणी खुंटावर चढू लागलं. वीत राहिली. चार बोटं राहिली. मग उघाडीतलं पाणी थबकलं. भरती पालटली. पाइपाच्या तोंडाशी भोवरा दिसू लागला आणि पंपाने पहिला घोट हवेचा घेतला.

"संपला," कोणीतरी म्हणालं.

सूर्य भरपूर होता, पंप तयार होता आणि पाणी पळत होतं. मैनाबाईने कोणाकडे बघितलं नाही. ती पाटात उतरली, कमरेइतक्या चिखलात, आणि दोन हातांनी चिखलाचे गोळे काढून पाटाच्या तोंडाशी रचू लागली. पाटात शिरलेलं पाणी खाडीत परत जायच्या आत अडवायचं. म्हणजे पंप अडवलेलं तरी पिईल. आगरातल्या बायका हे तुटलेल्या बांधावर नेहमी करतात. तिच्या गटातल्या तिघी बोलावल्याशिवाय उतरल्या. मितेश उतरला. परेशने, "इथे खोल आहे का?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत उडी घेतली. खोल होतं. ड्रायव्हर उतरले. हात, फावडी, घमेली, एकाचं तर हेल्मेट. पाणी जोर करत होतं, चिखल खचत होता, मैनाबाई आपल्या पाठीनेच भगदाड धरून उभी होती आणि शिव्या देत होती. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण खाडीला उद्देशून होत्या.

चिखलाचा आड टिकला. आतलं पाणी स्थिर झालं. पंपाने घोट घेतला, दुसरा घेतला, आणि धार पुन्हा भरली.

तळ्याकाठी ठमाबाई खुंटाकडे बघत बसली होती. 

"बुरली," ती म्हणाली. "खाच बुरली!"

मग जो गलका झाला त्याचं वर्णन करता येत नाही. हळदीला वाजतं तसलं काही वाजत नसताना माणसं नाचली. परेशला ड्रायव्हरांनी उचललं आणि पुन्हा चिखलात टाकलं. ज्यांनी अमावास्येला सगळ्यात जोरात हसून घेतलं होतं ते आता सगळ्यात जोरात सांगत होते, की आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. लहानशी गावं अशीच चालतात, पण त्या दिवशी आम्ही लहान नव्हतो. ज्या खाडीतून देशभरचा कोळसा जातो, तिच्या काठावर आमच्या एका बाईने भर थंडीत उन्हाकडून खाडी उचलून घेतली होती. वाघखारने ते डोळ्यांनी बघितलं होतं, हे विशेष.

निकेश चांगदेवजवळ आला. "शेठ, ह्यो पंप... कुठं भेटतो?"

"आमच्या वयनीला विचार," चांगदेव म्हणाला. "तिच्याकरं हिशेबाला माणूस लागला तर तुला कलवतो."

मैनाबाई पाटातून वर आली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, डोळे तेवढे दिसत होते. पंप अजून चालूच होता. अडवलेलं पाणी उरलं होतं, ऊनही उरलं होतं. मितेश खटक्याकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

ती मधल्या बांधाकडे चालत गेली. तिच्या आणि दिराच्या वाटणीमधल्या तोंडाला एक फळी होती, वर्षानुवर्षं चिखलाने लिंपलेली. ती तिने दोन्ही हातांनी हलवली, उपसली आणि बाजूला ठेवली. तळ्यातलं जास्तीचं पाणी चांगदेवच्या कोरड्या वाफ्यांत शिरलं. भेगाळलेली जमीन ते आवाज करून पिऊ लागली. भेगांतून बुडबुडे निघाले, बसलेली गुरं उठून बांधावर गेली.

चांगदेव बघत राहिला. मुरमाच्या डंपरचा ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला.

"वयनी," चांगदेव म्हणाला, "ह्ये काय केलास? आता ह्ये सुकला की कोन तुरवनार?"

"तू."

"माज्या गाऱ्या कुठं ठेवू मी?"

"त्या ठेव कुठं पन. बापाच्या आगरात पानी आलाय, आधी तो बग."

चांगदेवने डंपरवाल्याला हाताने जा म्हणून खूण केली. मग खाली बसून त्याने बूट सोडले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय गोरे निघाले, उन्हाचं नाव विसरलेले. पाण्यात पहिलं पाऊल पडलं तसा तो कळवळला, "आयला, थंड हाय गो!" आणि दुसरंही पाऊल टाकलं.

"टाच दाब, शेठ," ठमाबाई बांधावरून ओरडली. "चवरा न्हाय, टाच!"

"ठावं हाय मना!" चांगदेव म्हणाला आणि टाच दाबू लागला.